सतरा नंबरची पाटी

मुलांनो, उजव्या हाताचा तळवा पुढे करा आणि आभाळाकडे उघडा धरा. घरात बसला असाल तरी चालेल. आता कल्पना करा, पाऊस पडतो आहे. पण त्याचे थेंब इतके बारीक आहेत की ते छप्पर भेदून येतात, तळव्यातून आरपार जातात, खालची फरशी भेदतात आणि जमिनीत शिरतात. तुम्हाला काहीच कळत नाही. दुखत नाही, ओलं होत नाही. हात पुढे धरल्यापासून आतापर्यंत असे दहा-पंधरा थेंब तरी तुमच्या तळव्यातून गेले असतील.

यात कल्पना आहे ती फक्त पावसाची. थेंब खरे आहेत. त्यांना म्यूऑन म्हणतात. दूर अवकाशातून येणारे वेगवान कण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात आणि त्या धडकेतून हे म्यूऑन जन्माला येतात. ते रात्रंदिवस जमिनीवर येत असतात. भिंत त्यांना अडवू शकत नाही. मात्र वाटेत शेकडो मीटर दगड आला तर त्यातले पुष्कळ मध्येच जिरतात. दगड जितका जाड आणि जड, तितके पलीकडे कमी पोचतात.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की डोंगराच्या एका अंगाला कण टिपणारी पाटी ठेवली तर? डोंगरातून पार होऊन किती कण आले ते मोजायचं. डॉक्टर छातीचा एक्स-रे काढतात ना, तसाच हा डोंगराचा. ज्वालामुखींच्या आणि पिरॅमिडच्या पोटात माणसांनी असंच डोकावून पाहिलं आहे.

आता माझ्याबरोबर पंधरा-वीस वर्षं पुढे चला. पाट्या स्वस्त झाल्या आहेत, टेबलाएवढ्या झाल्या आहेत. हिमालयात उन्हाळा लवकर येतो, बर्फ भराभर वितळतं आणि ते पाणी कधीकधी नदीत न जाता डोंगराच्या भेगांमध्ये साठत राहतं. वरून सगळं हिरवंगार दिसतं. आत पोट फुगत असतं. एक दिवस तो उतार दगडमातीसकट खाली येतो. म्हणून हिमाचलातल्या नीलथाच राष्ट्रीय उद्यानाभोवती चोवीस पाट्या बसवल्या आहेत. पाटीवर आदळलेल्या दर कणाची एक रेघ उमटते. पोटात पाणी भरलं की डोंगर जड होतो, आणि पाटीवर कमी रेघा उमटतात. बस, एवढं लक्षात ठेवा. रेघा कमी म्हणजे पाणी जास्त.

सरळ वरून आलेल्या ठळक रेघा यंत्र स्वतःच मोजतं. पण डोंगराच्या तळातून, अगदी तिरप्या येणाऱ्या रेघा पुसट असतात. खरी रेघ कुठली आणि नुसता डाग कुठला, यात यंत्राची गल्लत होते. माणसाचा डोळा, त्यातही मुलांचा, तिथे फार तरबेज. म्हणून देशभरातल्या शाळांना रोज चित्रं पाठवली जातात. एका पाटीची चित्रं तीन शाळा मोजतात. तिघींचे आकडे जुळले की यंत्र ते खरे मानतं आणि त्या उतारापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका लावतं.

संगमनेरच्या एका शाळेकडे सतरा नंबरची पाटी होती, आणि ती मोजायचं काम सातवीतल्या जुई कडलगकडे.

*

"सहा-सात-आठ!" वंदनाआत्यानं टेबलावर थाप मारली. "सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बूट घालून बाहेर. ज्याला जमणार नाही त्यानं आत्ताच सांगावं, मी यादीतून नाव काढते."

"ताई, सुट्टीला चाललोय की छावणीला?" जुईचे बाबा म्हणाले.

"निखिल, गेल्या वेळी तुझ्या अंघोळीपायी चौदा माणसं बसमध्ये तासभर बसली होती. तू बोलूच नकोस."

आत्या बाबांची मोठी बहीण. दर मे महिन्यात कडलगांची सहल तीच काढायची. गेल्या वर्षी तिचा गुडघा बदलला. दवाखान्यातून घरी आल्या दिवशी तिनं जाहीर केलं होतं, की पुढच्या उन्हाळ्यात मी बर्फ बघणार, आणि तेही स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. तेव्हापासून ती रोज सकाळी सोसायटीचे चार जिने चढत-उतरत होती.

नीलथाचला दिवसाला फक्त साठ माणसांना प्रवेश मिळे. लोक दोन-दोन वर्षं थांबत. पण रेघा मोजणाऱ्या मुलांच्या घरच्यांचा नंबर लवकर लागायचा. त्यामुळे यंदा चौदा कडलगांची परवानगी आली ती जुईच्या नावावर. आत्यानं तो कागद छापून फ्रिजवर लावला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "आमच्या जुईनं मिळवलंय हे. डोंगराचा एक्स-रे काढते ती!"

त्या दिवशी गुरुवार होता. रविवारी निघायचं होतं. फक्त तंबू निवडायचे राहिले होते.

"जुये, नकाशा काढ बरं," आत्या म्हणाली. "वरचे तंबू नकोत मला, चढ आहे. हे खालचे बघ, ओढ्याकाठचे. सपाट आहे ना इथे?"

जुईनं टॅबलेटवर नकाशा मोठा केला. ओढा, त्याच्या काठावर सात पांढरे तंबू. त्यांच्या मागे सरळ वर गेलेला उतार. उतारावर एक छोटा हिरवा ठिपका, आणि त्याच्या शेजारी आकडा. सतरा.

"हिरवा आहे. म्हणजे काही काळजी नाही ना?"

जुई त्या ठिपक्याकडे बघत राहिली.

"अगं, तुलाच विचारतेय. हिरवा तूच देतेस ना?" आत्या हसली आणि तिनं खालच्या चार तंबूंवर बोट टेकवलं. "झालं! ठरलं."

*

आता जुईनं काय केलं होतं, ते सांगायला हवं.

वार्षिक परीक्षा कालच संपली होती. ती चालू असताना नऊ दिवस तिनं आणि नाझनीननं रेघा मोजल्याच नव्हत्या. नाझनीन तिची वर्गमैत्रीण, मोजणीतली जोडीदार. चित्रं रोज येत होती. ती उघडली की वरच्या कोपऱ्यात आदल्या दिवसाची तिन्ही शाळांची सरासरी दिसायची: ४०१. मोजणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून तो आकडा तिथे दिलेला होता. पहिल्या दिवशी नाझनीन म्हणाली, "उद्या गणित आहे. चारशे दोन लिही ना. चारशेच्या आसपासच येतात रोज." जुईनं ४०२ लिहिलं. दुसऱ्या दिवशी ४००. तिसऱ्या दिवशी ४०३.

यात आपण खोटं बोलतोय, असं दोघींना वाटलं नव्हतं. तुम्हीसुद्धा प्रयोगवहीत असं केलं असेल. लंबकाची आंदोलनं मोजली, उत्तर नीट आलं नाही, मग पुढच्या वर्गातल्या ताईची वही आणली आणि वाचनं जुळवून घेतली. बाई बरोबरची खूण करतात, शेरा चांगला मिळतो, आणि लंबकाला त्याचं काही वाटत नाही.

पण हा लंबक नव्हता. त्याच्याखाली तंबू होते.

खोलीचं दार लोटून जुईनं संगणकावर त्या नऊ दिवसांची चित्रं उघडली. बाहेर आत्या आईला सांगत होती, की चकल्या वेगळ्या डब्यात भर, त्यांचा पार भुगा होतो. जुईनं मोजायला सुरुवात केली. एकेका रेघेवर टिचकी. दुपारचं जेवण तिनं दोन घासांत आटपलं आणि परत आली.

३९७. ४११. ३८८. ३७९. ३८३.

सहाव्या दिवशी ३६२. मग ३४१, ३३६. नवव्या दिवशी ३१८.

तिनं तीनशे अठरा पुन्हा मोजले. तीनशे एकवीस आले. पुसट दोन-तीन रेघांचा फरक.

'पण आपण एकट्या नाही,' ती स्वतःला म्हणाली. 'आणखी दोन शाळा आहेत. त्यांनी नीट मोजलं असेल ना.'

तिनं तिन्ही शाळांचा आलेख उघडला. तीन रंगांच्या तीन रेषा होत्या, तिन्ही चारशेवरून अगदी सरळ गेलेल्या. म्हणजे बाकीच्या दोघींनाही चारशेच मिळाले होते. तिला एकदम हायसं वाटलं. आपणच आत्ता मोजताना चुकलो असू.

ती संगणक बंद करणार होती, तोच तिचं लक्ष परत त्या रेषांकडे गेलं. त्या फारच सरळ होत्या.

इथे थोडं थांबा, कारण या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं विज्ञान इथे आहे. पावसात एकसारख्या दोन वाट्या ठेवल्या तर दोन्हींत सारखेच थेंब पडत नाहीत. निसर्ग मोजून टाकत नाही. चारशेच्या आसपास रेघा येत असतील तर कधी ३८५ येतील, कधी ४१८. किती इकडेतिकडे? त्याचा एक सोपा अंदाज आहे. आकड्याचं वर्गमूळ काढायचं. चारशेचं वर्गमूळ वीस. म्हणजे वीसएकचा फरक तर नुसत्या योगायोगानं पडणारच. सायखेडकर बाईंनी, त्यांच्या विज्ञानाच्या बाईंनी, मोजणी सुरू करतानाच हे फळ्यावर लिहून दाखवलं होतं.

आणि इथे त्या दोन शाळांच्या रेषा होत्या: ४०१, ४०३, ४००, ४०२, ४०१. नऊ दिवसांत दोन-तीनच्या पलीकडे कोणी हललं नव्हतं.

खरा डोंगर इतका शहाण्यासारखा वागत नाही. त्या आकड्यांना डोंगराचा स्पर्शच झालेला नव्हता. कोपऱ्यातला तो आकडा त्यांनाही दिसत होता. त्यांच्याही परीक्षा होत्या. तिन्ही शाळा एकमेकींचीच वाचनं जुळवत बसल्या होत्या आणि यंत्र म्हणत होतं, तिघींचं जुळतंय, हिरवा.

*

"तू कुणाला सांगितलंस?" फोनवर नाझनीनचा आवाज एकदम बारीक झाला.

"अजून नाही."

"मग नको ना सांगूस. आपण आजपासून खरे आकडे टाकू. कमी दिसले की यंत्र आपोआप पिवळं करेल."

"आपल्या एकट्यांचे आकडे वेगळे आले तर यंत्र आपल्यालाच चूक धरतं. तिघींचं जुळलं पाहिजे."

नाझनीन म्हणाली, "जुई, अब्बूंनी मोजणीचं ते प्रमाणपत्र दुकानात लावलंय. गिऱ्हाइकांना दाखवतात ते."

"आमच्या फ्रिजवर पण परवानगी लावलीय."

"तुझं ठीक आहे. तू सांगशील आणि शाबासकी घेशील. खरं बोलली म्हणून. मी मात्र ती दुसरी मुलगी, जिनं चारशे दोन लिही म्हटलं."

"मी तुझं नाव नाही..."

"जोडी आहे आपली. नाव येणारच." आणि फोन बंद झाला.

जुई बाहेर आली. आत्या जमिनीवर पाय पसरून गुडघ्याला तेल लावत होती, बाबा बॅगांच्या चेन तपासत होते. जुईनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.



"बघ बेटा," बाबा म्हणाले, "तू लहान आहेस. तूच म्हणतेस की रेघा पुसट असतात. आत्ता घाबरून मोजल्यास म्हणून कमी दिसल्या असतील. परीक्षा संपली, शाळेचं ऑफिस आता सोमवारीच उघडेल. तेव्हा बाईंना भेटू, शांतपणे..."

"सोमवारी आपण त्या तंबूंच्या वाटेवर असू, बाबा."

"मग आपण वरचे तंबू घेऊ."

"आणि आज जे खालच्या तंबूत आहेत ते?"

बाबांनी बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडकली.

आत्यानं तेलाची वाटी बाजूला सारली. तिचा चेहरा लाल झाला होता. "वर्षभर," ती म्हणाली. "वर्षभर त्या जिन्यांवर कण्हतेय मी. शेजारच्या साठेबाई हसायच्या, म्हणायच्या, वंदना, या वयात कुठे हिमालय. आणि तू आज सांगतेस? निघायला तीन दिवस राहिल्यावर?"

"मला आजच कळलं, आत्या."

"लिहिताना नव्हतं कळलं?"

जुई खाली बघत राहिली.

"वाचनं आम्हीही जुळवायचो," आत्या थोड्या वेळानं म्हणाली. रागातच, पण आवाज उतरला होता. "अख्खा वर्ग जुळवायचा. पण आमचा लंबक कुणाच्या डोक्यात पडत नव्हता गं." तिनं हात टेकून स्वतःला उठवलं, फ्रिजपाशी गेली आणि परवानगीच्या कागदावर खाली छापलेला नंबर डोळे बारीक करून वाचला. "निखिल, हा त्यांच्या कंट्रोल रूमचाच आहे ना?"

"ताई, एकदा तो फोन केला की परवानगी गेली."

"माहितीये मला." तिनं नंबर लावला आणि फोन जुईपुढे धरला. "मी नाही बोलणार. मोजलं तू आहेस. बोल."

*

पलीकडे नेगी मॅडम म्हणून उद्यानातल्या शास्त्रज्ञ होत्या. जुईचं हिंदी धडपडत होतं, पण आकड्यांना भाषा लागत नाही. तीनशे सत्याण्णवपासून तीनशे अठरापर्यंत तिनं सगळे वाचले. मग म्हणाली, "और बाकी दो स्कूल का ग्राफ देखिए. वो ज्यादा सीधा है. बीस का फरक आना चाहिए."

पलीकडून कळफलकाचा आवाज आला. मग नेगी मॅडम हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "हे राम. ये तो हमें दिखना चाहिए था." आणि लगेच, दुसऱ्या कुणाला तरी, मोठ्यानं: "नीचे का कैंप खाली करवाओ. अभी!"

त्या संध्याकाळी ओढ्याकाठच्या तंबूंमधून तेवीस माणसं वर हलवली गेली. सतराचा ठिपका लाल झाला. दरी बंद झाली. चौदा कडलगांच्या परवानगीपुढे 'स्थगित' असा शब्द आला.

आणि मग काहीच झालं नाही.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. रविवारी, ज्या वेळी निघायचं होतं त्या वेळी, सगळे आपापल्या घरी बसून होते. बॅगा दिवाणखान्यात तशाच भरून पडल्या होत्या. उतार जागचा हलला नव्हता. बातम्यांमध्ये तिथली हिरवळ दाखवत होते, तिच्यावर मेंढ्या चरत होत्या. सुट्टी बुडालेल्या एका गृहस्थांनी कॅमेऱ्यापुढे विचारलं, "सातवीतल्या मुलीला घाबरून हिमालय बंद करायचा का?" फॅमिली ग्रुपवर एका काकांनी मेंढ्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'यांनी रेघा मोजल्या नाहीत वाटतं.' आत्यानं त्यांना तिथेच सुनावलं, पण जुईशी मात्र ती कामापुरतंच बोलत होती.

सायखेडकर बाई घरी येऊन गेल्या. त्या रागावल्या नाहीत, आणि जुईला तेच जास्त लागलं. "माझीही चूक आहे," त्या म्हणाल्या. "मी तुमचे आकडे रोज बघत होते. इतके नीटनेटके आहेत याचा मला आनंदच व्हायचा."

उरलेल्या दोन शाळांपैकी एकीनं जुनी चित्रं पुन्हा मोजली. आकडे जुईसारखेच उतरत गेले. दुसरी शाळा मात्र हटून बसली, की आमची मोजणी बरोबरच होती. उतारात भोक पाडून पाणी बघायचं तर यंत्रसामग्री वर न्यायला तीन आठवडे लागणार होते. उतार सरकतोय का ते कळावं म्हणून पृष्ठभागावर ताणलेल्या तारा अजून काही दाखवत नव्हत्या. खालच्या गावांची दुकानं, घोडेवाले, वाटाडे, सगळे या एका महिन्यावर जगत होते, आणि तेही उद्यानाच्या दाराशी येऊन बसले होते.

तेव्हा समितीनं ठरवलं. बुधवारी दुपारी बारापर्यंत जुईच्या शाळेनं सतरा नंबरची नवी मोजणी पाठवायची, आणि बाकीच्या दोघींचा वाद मिटेपर्यंत तीच धरायची. आकडे उतरतच असतील तर दरी महिनाभर बंद. आकडा वर वळला तर पाणी ओसरायला लागलंय असं धरायचं आणि तंबू उघडायचे. नेगी मॅडमनी एक दुरुस्ती आधीच केली होती. चित्राच्या कोपऱ्यात आता कुठलाही आकडा नव्हता.

*

बुधवारी सकाळी अकरा वाजता जुई मोजायला बसली.

कालचा आकडा स्क्रीनवरून गेला होता, डोक्यातून जाणार कसा? काल तिनंच मोजले होते, दोनशे शहाण्णव. ती रेघांवर टिचक्या मारत राहिली. बाहेर बाबांच्या चपलांचा आवाज येत होता, दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये एकदा आत्यानं दार किलकिलं करून आत पाहिलं आणि परत लावून घेतलं.

अडीचशे. दोनशे ऐंशी. अजून चित्राचा एक कोपरा उरला होता.

दोनशे शहाण्णव झाले आणि रेघा संपल्या नाहीत. तिचा हात थबकला. तीनशे. तीनशे दहा. शेवटची रेघ अगदी कडेला होती, केसाएवढी बारीक, पण रेघच होती.

तीनशे चोवीस.

जुई खुर्चीत मागे टेकली. हा अठ्ठावीसचा फरक. तिनं मनात वर्गमूळ काढून पाहिलं, सतराएक. काल तेवढ्या कमी आणि आज तेवढ्या जास्त आल्या असतील. एवढा तर योगायोगानंही पडू शकतो, एका दिवसावरून काहीच सांगता येत नाही. पण समितीला ते पटेल का? त्यांना कालचा दिसेल, आजचा दिसेल, आणि आजचा मोठा आहे. त्या लोकांना वर वळलेला आकडा हवाच आहे. तंबू उघडतील. ओढ्याकाठी पुन्हा माणसं झोपायला येतील. कदाचित आत्याही.

आणि उतार खरंच भरलेला असला तर?

तिच्यापुढे रिकामी चौकट होती. दोनशे नव्वद लिहायला किती वेळ लागला असता? या वेळी परीक्षेसाठी नव्हे, प्रमाणपत्रासाठी नव्हे. माणसं वाचावीत म्हणून. शिवाय मेंढ्यांचा फोटो टाकणाऱ्या काकांना उत्तर मिळालं असतं, ते वेगळंच. कुणाला कळलंही नसतं. या वेळी तर तो आकडा खरा दिसावा म्हणून किती इकडेतिकडे करायचा, हेही तिला नीट ठाऊक होतं.

बाराला पस्तीस मिनिटं कमी होती.

तिनं चौकटीत ३२४ लिहिलं. खाली शेऱ्याच्या जागेत लिहिलं, 'काल आणि आजमधला फरक योगायोगाचा असू शकतो. कृपया गेले चौदा दिवस एकत्र पाहा.' वाक्य पुन्हा वाचलं. पाठवलं. मग पुन्हा कुणी मोजलं तर दिसू नयेत म्हणून आपल्या टिचक्यांच्या खुणा पुसून तिनं चित्र परत कोरं केलं.

ती बाहेर आली. बाबा थांबले. आत्या सोफ्याच्या कडेला बसली होती, दोन्ही हात गुडघ्यावर. आणि दाराशी, चपला न काढता, नाझनीन उभी होती. सहा दिवसांत ती पहिल्यांदाच आली होती.

"बाईंनी पाठवलंय," नाझनीन जुईकडे न बघता म्हणाली. "दोघींनी वेगवेगळं मोजायचं म्हणाल्या."

"किती आले?" आत्यानं विचारलं. "जुये, किती आले गं? वर की खाली?"

जुईनं तोंड घट्ट मिटलं आणि मान हलवली. मग ती दाराशी गेली, नाझनीनच्या मनगटाला धरून तिला आत नेलं आणि संगणकापुढच्या खुर्चीवर बसवलं.

"तू मोज," ती म्हणाली. "माझे किती आले ते मी नाही सांगणार."

आणि बाहेर येऊन तिनं दार लावलं, त्याला पाठ टेकून खाली बसली, आणि आतून पहिल्या टिचकीचा आवाज यायची वाट पाहू लागली.